चॅनल गेलं नव्हतं, वन्सं

वन्सं, परवा तुमचं तेरावं झालं. मांडव निघाला, भाड्यानं आणलेली पातेली परत गेली, पाहुणे आपापल्या गावाला गेले. आज सकाळी तुमची गादी उन्हात टाकली. हे म्हणाले, खाट उचलून गोठ्याकडं ठेवू. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आम्ही दोघंही फार थकलोय. माणूस गेल्यावर रडू येईल असं वाटतं, पण आधी पाय दुखतात.

मला लिहायची सवय नाही. चौथीतून शाळा सुटली. पोरीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यावर लिहितेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुम्ही असताना चिठ्ठी लिहून उपयोग नव्हता. आणि तोंडानं सांगायचं तर तुम्हाला ऐकू कमी यायचं आणि मला बोलायला कमी यायचं. असंच सांगायचं राहून गेलं.

आधी तेच सांगते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. तीन उन्हाळ्यांमागं मी तुम्हाला म्हटलं होतं, तुमचं मालिकांचं चॅनल टीव्हीच्या फुकटच्या छत्रीवरून गेलं. ते गेलं नव्हतं. मी पुसलं होतं.

तुम्ही बेलापूरला आमच्या वस्तीवर राहायला आलात तो दिवस मला आठवतो. तुमचे मालक जाऊन वर्ष झालं होतं. मूलबाळ नाही, दिरांनी घर घेतलं. ह्यांनी टेम्पो पाठवला. मला वाटलं टेम्पोभर सामान येईल. तुम्ही ड्रायव्हरशेजारी बसून आलात, पायाशी एक पत्र्याची पेटी आणि मांडीवर डिशची छत्री. दोन्ही हातांनी कवळून धरलेली, जसं काही लहान मूल झोपलंय.

हे हसले. "आक्का, ह्ये कशाला आनलंस?"

"मग काय दिरांना ठिवू? घर त्यांचं, भांडी त्यांची. ही माझी हाय. मालकांनी माझ्यासाठी घेतल्ती."

"आमच्याकडं टीव्ही हाय की."

"टीव्ही हाय, पन त्यात दिसतंय काय? मुंग्या."

खरंच मुंग्याच दिसायच्या. वस्तीवर केबल येत नव्हती आणि महिन्याच्या महिन्याला रिचार्ज मारायची भानगड ह्यांना नको होती. तुमची छत्री बिनरिचार्जची. एकदा बसवली की झालं, जे फुकट सुटतं ते सगळं दिसतं.

छत्री बसवणारा गावातून आला तेव्हा हे उसाला पाणी द्यायला गेले होते. तो स्लॅबवर चढून छत्री फिरवत होता आणि खाली टीव्हीवर सिग्नलची पट्टी किती भरली ते कोणीतरी ओरडून सांगायला हवं होतं. तुम्हाला त्याचं ऐकू येईना. राहिले मी. परक्या माणसाला मी कधी हाक मारली नव्हती. दारात उभी राहून मी पुटपुटले, आली. तो वरून म्हणाला, "वहिनी, मला न्हाई ऐकू येत, जोरात!" मग मी डोळे मिटले आणि ओरडले, "आली! आली! गेली! परत आली!" तुम्ही खाटेवर बसून पोट धरून हसत होता.

"कांते, तुला आवाज हाय की गं! मला वाटलं भावानं मुकी बायको केली."

त्या माणसानं जाताना रिमोट माझ्याच हातात दिला. म्हणाला, वहिनी, दर साली ह्यात चॅनल खाली-वर होतात. काही जातात, काही नवी येतात, नंबर बदलतात. तेव्हा परत शोधायला लावायचं. पडद्यावरची अक्षरं सगळी इंग्रजी. मला एक वाचता येईना. मी बटणं पाठ केली, रांगोळीचे ठिपके पाठ करतात तशी. वरचं डावीकडचं, मग खाली दोनदा, मग उजवीकडं, मग मधलं गोल. एक रेघ हळूहळू भरत जाते आणि ती भरली की चॅनल हजर. नको असलेली कशी काढायची तेही त्यानं दाखवलं. चॅनलवर यायचं, लाल बटण दाबायचं, फुली उमटते, मग गोल दाबायचं. त्यानं आपल्याला न समजणाऱ्या भाषांची दहा-बारा चॅनल तशी माझ्या हातानंच काढून घेतली.

त्या दिवसापासून घरात एका गोष्टीत मला विचारायला लागले. बियाणं कोणतं घ्यायचं, पोरीला स्थळ कोणतं बघायचं, ह्यात मला कोणी विचारलं नाही. पण टीव्ही अडकला की हे शेतातून फोन करायचे, "कांता, जरा बघ." तुम्ही शेजारणीला सांगायच्या, "आमची कांता एक्सपर्ट हाय." तो शब्द तुम्ही कुठून उचलला होता कोणास ठाऊक. मला बरं वाटायचं. तेवढी एकच किल्ली माझ्या हातात होती आणि ती मी तुमच्यावरच चालवली.

तुमची ती मालिका. तुम्हाला त्यातली नावं कधी लक्षात राहिली नाहीत. थोरल्या सुनेला तुम्ही नथवाली म्हणायच्या आणि धाकटीला घारी. नथवाली सोसणारी, घारी कागाळ्या करणारी. संध्याकाळी एकदा लागायची, दुसऱ्या दिवशी सकाळी तीच परत, आणि दुपारी तिसऱ्यांदा. तुम्ही तिन्ही वेळा बघायच्या आणि तिन्ही वेळा घारीला नव्यानं शिव्या द्यायच्या. "बघ, बघ, आता ही दुधात मीठ टाकती." वन्सं, ते मीठ तिनं आदल्या दिवशीच टाकलेलं असायचं. तुम्ही परत हळहळायच्या.

आवाज शेवटच्या टोकाला. माझं अंथरूण भिंतीच्या पलीकडं. मी पहाटे उठायची, धारा काढायच्या, शेण, डबा, शेत, मग दुपारी जेवण झाल्यावर एक तास पाठ टेकायची. त्या एका तासात ते वाजंत्री चालू व्हायचं. ढण्ण, ढण्ण, ढण्ण, आणि प्रत्येकाचं तोंड तीन-तीनदा. मी एकदा येऊन म्हटलं, वन्सं, जरा आवाज कमी करू का? तुम्ही म्हणालात, "काय?" मी परत म्हटलं. तुम्ही म्हणालात, "काय म्हनतीस, मोठ्यानं बोल की." मी म्हटलं, काही नाही, चहा ठेवते.

एवढंच करायचं होतं बघा. मी मोठ्यानं बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं. छत्रीवाल्यासाठी मला ओरडता आलं, तुमच्यासाठी आलं नाही. नणंदेला आवाज कमी करा म्हणायचं म्हणजे ती भावाच्या दारी राहते ह्याची आठवण करून देण्यासारखं आहे, असं मला वाटायचं. आणि जिला असं वाटतं ती गप्प बसते, आणि गप्प बसणारीच्या मनात काय काय साचतं ते तिलाच कळत नाही.

त्या उन्हाळ्यात कांदा काढायला आला होता. बायका मिळत नव्हत्या. मी आठ दिवस वाकून होते, कंबर सरळ होत नव्हती. त्यातच चॅनल बदलायची वेळ आली, निम्म्या नंबरांवर काळा पडदा. तुम्ही शेजारी हळदीला गेला होता. मी परत शोधायला लावलं, रेघ भरली. तुमचं चॅनल नव्या नंबरावर आलं होतं. नथवाली रडत होती. मी तिच्याकडं बघत उभी राहिले. माझ्या मनात राग नव्हता, वन्सं, खरं सांगते. नुसती झोप होती. मी लाल बटण दाबलं. फुली आली. गोल दाबलं.

तुम्ही हळदीहून आलात आणि लगेच रिमोट घेतला. मी कणीक मळत पाठ करून बसले होते.

"कांते, आपलं गेलं कुठं?"

"ते गेलं वन्सं. ह्या साली काढलं त्यांनी. पैसेवाल्या छत्रीत गेलं."

"परत यील?"

"काय म्हाईत."

तुम्ही बराच वेळ खालचा-वरचा नंबर दाबत राहिलात. मग म्हणालात, "मेले. फुकट देत्यात, सवय लावत्यात, आन मग ताटातनं उचलून नेत्यात." आणि टीव्ही बंद केला. ते ‘मेले’ मी ऐकलं आणि कणकेत पाणी जास्त पडलं.

संध्याकाळी हे म्हणाले, आक्का, एवढं वाटत असंल तर रिचार्जवाली बसवू. मी मनात म्हटलं, हो म्हणा, वन्सं, हो म्हणा, म्हणजे मी सुटेन. तुम्ही म्हणालात, "नको. मालकांची छत्री काढायची न्हाई." बस्स. मग ती गाठ मीच मारली आणि मलाच सुटेना.

तीन दिवस मी दुपारी झोपले. मेल्यासारखी झोपले. उठल्यावर अंग हलकं लागायचं आणि तुमच्या खाटेकडं बघवायचं नाही. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडलेल्या असायच्या. चौथ्या दिवशी चार वाजता मी शेंगा फोडायला ओसरीवर बसले. तुम्ही उठून माझ्यासमोर येऊन बसलात, मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि म्हणालात, "आज काय झालं असंल गं तिथं?"

"कुठं?"

"नथवालीच्या घरी. आता बघ, तिचा नवरा परवा परगावाहून यायचा हुता. आला असंल. आन घारीनं त्याला फाटकातच गाठलं असंल."

मग तुम्ही सांगत गेलात. मी आधी नुसती हूं हूं करत होते, पापाच्या भीतीनं. मग मला कळलं की माझा हात थांबलाय. तुमच्या गोष्टीत तो नवरा श्रीरामपूरच्या स्टँडवर उतरला. त्याला रिक्षा मिळाली नाही. तो उसाच्या गाडीवर बसून आला आणि त्याच्या चांगल्या कपड्यांना पाचट लागलं. घारीनं पाचट बघितलं आणि म्हणाली, कुठं लोळून आलात?

मला हसू फुटलं. तुम्हीही हसलात. शेंगा तशाच राहिल्या.

तेव्हापासून रोज चार वाजता. टीव्हीतल्या त्या घरात कधी कोणी भांडी घासली नव्हती, कोणी चूल पेटवली नव्हती. बायका पैठणी नेसून जिन्यावर उभ्या राहायच्या. तुम्ही त्यांना कामाला लावलं. त्यांच्या बंगल्यामागं गोठा बांधला. नथवालीच्या हाताला धारा काढून घट्टे पडले. घारीला गाईनं लाथ मारली. तिची सासू तर हुबेहूब तुमची सासू झाली, उंबऱ्यावर बसून मिश्री लावणारी. मला तुमच्या सासरचं काही माहीत नव्हतं, तुम्ही कधी बोलला नव्हता. ते सगळं मला त्या गोष्टीतून कळलं. नथवालीला सात महिन्यांचं मूल जाऊन तिसऱ्या दिवशी खुरपायला पाठवलं, हे तुम्ही एका दुपारी सांगितलं आणि शेंगांची टरफलं गोळा करायला लागलात. मी विचारलं नाही, हे नथवालीचं की तुमचं. मालिकेत तिला मूल झालंच नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाला वारं सुटलं आणि छत्री हलली. ह्यांनी वर चढून ती नीट केली आणि मला म्हणाले, शोधायला लाव. मी लावलं. रेघ भरली आणि तुमचं चॅनल परत आलं. तुम्ही गोठ्यात होता. मला तेव्हा सगळं नीट करता आलं असतं. वन्सं, आलं बघा परत, एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही धावत आल्या असत्या. कोणाला काही कळलं नसतं.

मी परत लाल बटण दाबलं. ह्या वेळी झोपेसाठी नाही. चॅनल आलं तर चार वाजताची गोष्ट जाईल, ह्या भीतीनं. पहिल्या वेळी मी दमले होते, त्याची मी देवाकडं माफी मागू शकते. दुसऱ्या वेळी मी हावरट झाले होते. मला आयुष्यात कोणी रोज बसून गोष्ट सांगितली नव्हती.

त्यानंतर मी शोधायला लावलंच नाही. दोन सालं गेली. एकेक चॅनल बंद पडत गेलं. ह्यांचं शेतीचं चॅनल दिसेनासं झालं. हे म्हणाले, बघ की जरा. मी म्हटलं, छत्री जुनी झाली, आता ओढत नाही. तुमच्या मालकांच्या छत्रीवर मी तोही आळ घेतला.

तुम्हाला कळलं होतं का, वन्सं? एकदाच मला तसं वाटलं. घारीचं एक खोटं उघडं पडलं होतं. तिनं आलेली चिठ्ठी लपवली होती की असंच काहीतरी. तुम्ही शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला आणि म्हणालात, "खोटं बोलनाऱ्या बाईच्या हातचं पानी पिऊ नये मानसानं." मी मान वर केली नाही. तुम्ही दुसरी शेंग फोडलीत. मग म्हणालात, "चल, चहा टाक."

मी चहा टाकला. साखर दोनदा पडली. तुम्ही बशीत ओतून सगळा प्यायलात आणि म्हणालात, "आज ग्वाड झालाय." त्यावर मी किती दिवस विचार केला. आता विचारायला कोणी नाही.

आपलं भांडण एकच व्हायचं, घारीवरून. मी म्हणायची, तिला आता हाकलून द्या. मला तिचा राग यायचा, तुमच्यापेक्षा जास्त यायचा. का यायचा ते तुम्हाला आता कळलं असेल. तुम्ही टाळत राहायच्या.

"किती दिवस ठेवायचं तिला घरात? सगळ्यांचं वाटोळं केलं तिनं," मी म्हणायची.

"हाकलून देनं सोपं हाय. मग भांडी कोन घासंल?"

"पन तिनं कबूल तरी करावं."

"कबूल केल्यानं भांडी घासली जात्यात व्हय?"

मी चिडायची. तुम्ही माझ्याकडं बघून हसायच्या. म्हणायच्या, एवढी बोलायला लागलीस कधी? खरंच, मी कधी एवढी बोलायला लागले, ते मलाही कळलं नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ह्या घरात मी वाद घातला तो पहिल्यांदा तुमच्याशी, आणि तोही न झालेल्या गोष्टीवरून.

मग तुमच्या छातीत पाणी झालं. श्रीरामपूरच्या दवाखान्यात अकरा दिवस. मी तुमच्या उशाशी. तिथं भिंतीवर मोठा टीव्ही होता, पण तो बंद होता, त्यावर कोणाचा तरी टॉवेल वाळत होता. एका दुपारी तुम्ही जाग्या होता, वॉर्डात कोणी नव्हतं. मी म्हटलं, वन्सं, मला एक सांगायचंय.

"नंतर सांग. आधी मला ह्या कुशीवर कर."

मी केलं. तुमच्या पाठीची हाडं माझ्या हाताला लागली. मग तुम्ही झोपलात.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी चार वाजता तुम्ही स्वतःच म्हणालात, "बस." आवाज चुलीतल्या शेवटच्या धुरासारखा. तुम्ही घारीला शेवटी घराबाहेर काढलं होतं. माझं ऐकलं असं म्हणा. तिनं पिशवी भरली. कोणी अडवलं नाही. ती अंगणातून चालत फाटकापर्यंत गेली. तुम्ही म्हणालात, "नथवाली ओसरीवर उभी हुती. ती पन निघाली तिच्या मागं. फाटकापाशी आली, आन..." खोकला आला. पाणी पाजलं. तुम्ही हातानं खूण केली, उद्या. उद्या तुम्ही बोलला नाहीत. परवाही नाही. त्याच्या पुढच्या सकाळी मी धारा काढून आले तेव्हा ह्यांनी तुमचा हात धरला होता आणि तो खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला. समोरच्या लिंबावर कावळे पुष्कळ होते, एक खाली येईना. पाव तास झाला, अर्धा तास झाला. गुरुजी घड्याळ बघायला लागले, त्यांना दुसरीकडं जायचं होतं. हे पुढं होऊन म्हणाले, "आक्का, तुझी पेटी तू म्हनशील तिला देऊ." कावळा नाही. "आक्का, तुझ्या कालवडीला विकणार न्हाई." कावळा नाही. चुलतदीर म्हणाले, "आरं, चहा ठिवा. ती चहाबिगर कधी उठली का?" टपरीवरून चहा आणला, पिंडाशेजारी कप ठेवला. लोक हसले, आणि हसता हसता दोन-चार जणी रडल्या. कोणीतरी मिश्रीची डबी ठेवली. कावळे वरून बघत होते.

"काय राहिलं आसंल बाईचं?" मागून एक म्हणाली.

मला माहीत होतं काय राहिलं. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून लावू या. हे मान हलवणार, तेवढ्यात मी बायकांमधून पुढं गेले. माझ्यामागं कोणीतरी म्हणालं, कांता? नदीकाठी एवढी माणसं आणि सगळी माझ्याकडं बघत होती. मी पदर घट्ट धरला. ठरवलं होतं, सगळ्यांपुढं सांगायचं. काय म्हणायचं ते म्हणू देत. मी म्हटलं, "वन्सं, ते चॅ..."

आणि कावळा उतरला. एक नाही, तीन. चहाचा कप लवंडला. "शिवला, शिवला!" एकच गलका. लोक टॉवेल झटकून उठले, गुरुजींनी पिशवी उचलली. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "हिच्या एका हाकंवर आली. लई जीव हुता वन्संचा हिच्यावर." मी तोंड उघडं ठेवून उभी होते. पुढचं कोणाला ऐकायचंच नव्हतं. गावभर आता हेच सांगतात, कांताच्या हाकेला कावळा शिवला. मला वाटेनं जाताना लाज वाटते.

तुम्ही मला एक वाक्य कधी पुरं करू दिलं नाही, वन्सं. मेल्यावरही नाही.

काल दुपारी हे ओसरीवर बसले होते. म्हणाले, "घाटावर तू काय सांगनार हुतीस?" मी म्हटलं, काही नाही. मग मी आत गेले आणि परत बाहेर आले. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कांद्याचे दिवस, लाल बटण, मग वाऱ्यानंतर परत लाल बटण. मी हळू बोलत नव्हते. हे ऐकत होते. मला वाटलं, आता उठतील, बोलतील. त्यांनी आत येऊन नुसता रिमोट घेतला, माझ्याकडं धरला आणि म्हणाले, "लाव की मग आता."

मी पाठ असलेली बटणं दाबली. दोन सालं दाबली नव्हती, पण बोटांना माहीत होती. रेघ भरत गेली. आम्ही दोघं उभं राहून बघत होतो. भरली. कितीतरी नवी चॅनल आली, ह्यांचं शेतीचं आलं. मी पहिल्यापासून शेवटापर्यंत एकेक बघितलं. मग परत पहिल्यापासून. तुमचं नव्हतं. परत शोधायला लावलं. नव्हतं.

"गेलं म्हन की," हे म्हणाले. "आता खरंच गेलं."

कधी गेलं, वन्सं? मी पुसल्यावर वर्षानं गेलं असेल, का मागच्याच महिन्यात? छत्रीवर ते किती दिवस येत होतं आणि मी किती दिवस ते अडवून धरलं होतं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. थोडं अडवलं असेल तर थोडं पाप, जास्त तर जास्त, असा हिशोब मला करता आला असता, तोही राहिला. ह्यांना वाटलं मला बरं वाटेल. मला बरं वाटलं नाही. मी पुसलं तेव्हा ते होतं, आणि नथवाली रडत होती. एवढं मी पाहिलंय.

मी खाली बसले. हे टीव्हीकडंच बघत म्हणाले, "ती घारी फाटकापाशी गेली, इथवर मी ऐकलं. पुढं काय झालं?"

मला आधी कळेचना. मग कळलं. चार वाजता हे रोज चाऱ्याची कुट्टी करायला म्हणून गोठ्यात जायचे आणि मशीन कधी चालू व्हायची नाही. ओसरीच्या भिंतीपलीकडं इतके दिवस शांत असायचं. मला वाटायचं, चारा टाकून हे शेतात गेले.

"तुमी ऐकत हुता?"

"मग. आक्काचा आवाज काय बारीक हुता व्हय? शेवटी बारीक झाला तवा दारामागं हुतो. सांग की. नथवालीनं हाक मारली का तिला?"

"म्हाईत न्हाई. तिथंच थांबल्या वन्सं. खोकला आला."

हे उठले, चप्पल पायात सरकवली. धारांची वेळ झाली होती. पायरीवर थांबून म्हणाले, "मारली आसंल. आक्काला गप बसवतंय व्हय?"